कल्याण झालं

पत्रिकेवर मोठ्या सोनेरी अक्षरांत ‘कल्याण’ लिहिलेलं पाहून आमच्या ह्यांनी रेल्वेचं वेळापत्रक काढलं. ‘‘पुण्याहून तंजावूरला जायला कल्याणला कशाला जायचं? उलटं पडेल,’’ म्हणाले. मी सांगितलं, की तमिळमध्ये कल्याणम् म्हणजे लग्न. त्यावर जरा विचार करून म्हणाले, ‘‘म्हणजे आपल्याकडे ‘कल्याण झालं’ म्हणतात ते बरोबरच आहे.’’

लग्न माझ्या बँकेतल्या मैत्रिणीच्या मुलीचं. पंचवीस वर्षं आम्ही शेजारशेजारच्या टेबलांवर बसून लोकांच्या मुदतठेवी सांभाळल्या. ती तंजावूरची मराठी. घरात मराठी, दारात तमिळ, पाटीवर इंग्रजी. डबा उघडला की आंबट भाजी आणि दहीभात. तिचं मराठी ऐकताना मला नेहमी वाटायचं, की एखादं जुनं पत्र कुणीतरी तमिळ चालीवर वाचून दाखवतंय.

आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. कुठलीही वस्तू पाहिली की ह्यांचा पहिला प्रश्न, ‘‘भार कुठे घेतलाय?’’ पूल असो, झोपाळा असो, व्याह्यांनी दिलेला दिवा असो. मी फिल्म सोसायटीत वर्षानुवर्षं पत्रकं वाटली, खुर्च्या लावल्या, आणि ह्यांना शेजारी बसवून जगभरचा सिनेमा पाहिला. ह्यांना सिनेमा आवडत नाही असं मुळीच नाही. झोप फार छान लागते. बर्गमनला गाढ लागते, सत्यजित रायला सावध लागते, असा ह्यांचा स्वतःचा अभ्यास आहे. बर्गमनची १९७३ची ‘सीन्स फ्रॉम अ मॅरेज’ लावली होती तेव्हा नवरा-बायकोचे चेहरे पडदाभर पाहून हे एकदाच जागे झाले. ‘‘डोळे तपासायला आलाय का हा?’’ म्हणाले, आणि पुन्हा झोपले.

पण ‘लेट स्प्रिंग’ त्यांनी अख्खा पाहिला. जपानी दिग्दर्शक ओझूचा १९४९चा सिनेमा. विधुर प्राध्यापक बाप, लग्न न करता त्याच्याजवळच राहू पाहणारी मुलगी, आणि तिने लग्न करावं म्हणून ‘मीही दुसरं लग्न करणार आहे’ अशी त्याने मारलेली थाप. ओझूचा कॅमेरा जमिनीपासून दोनेक हातांवर. ह्यांनी आधी विचारलं, स्टँड मोडलाय का? मग स्वतःच म्हणाले, ‘‘नाही, पंगतीत बसलंय कुणीतरी.’’ ओझूवर मी जे जे वाचलं त्यात इतकं सोपं कुणी लिहिलेलं नाही. घर हे पाटावर बसून बघायचं असतं. उभं राहून बघितलं की पाहुणा, आणि वरून बघितलं की जमीन मोजणारा.

तर मुलगी तयार होते. नटते. बापाला वाकून नमस्कार करते. आणि पुढच्या दृश्यात लग्न आटोपलेलं असतं. नवरामुलगा अख्ख्या सिनेमात एकदाही दिसत नाही. गॅरी कूपरसारखा दिसतो एवढंच कानावर येतं. ह्यांना धक्का बसला. ‘‘पावणेदोन तास बोलणी, आणि लग्न दाखवलंच नाही? जेवण?’’ घरी येईपर्यंत रिक्षात तेच. मी सांगून पाहिलं, की ओझू स्वतः जन्मभर अविवाहित होता, आईजवळ राहिला. तेव्हा म्हणाले, ‘‘मग बरोबर. त्याला कुणी बोलावलं नसेल.’’

तंजावूरला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीत मला हे सगळं आठवत होतं, कारण आम्ही निघालो होतो ते गाव नेमकं उलट्या टोकाचं. ओझू लग्न सोडून सगळं दाखवतो. तंजावूरच्या भोसल्यांनी लग्नच तेवढं दाखवलं.

शिवाजी महाराजांचे सावत्रभाऊ व्यंकोजीराजे, त्यांचा मुलगा शहाजी १६८४ ते १७१२ तंजावूरच्या गादीवर होता. राज्यकारभार करून उरलेल्या वेळात तो नाटकं लिहायचा, की नाटकं लिहून उरलेल्या वेळात राज्यकारभार, हे इतिहासकारांनी ठरवावं. त्याचं ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठीतलं आद्य नाटक म्हणून सांगितलं जातं. नावातच लग्न. पुढे त्याच गादीवरच्या प्रतापसिंहाने ‘सीताकल्याण’ लिहिलं, ‘पार्वतीकल्याण’ लिहिलं. देव बदलायचे, मांडव तोच. सूत्रधार येणार, गणपती येणार, कर्नाटक संगीताच्या रागतालांत बांधलेले ‘दरु’ गायले जाणार, आणि शेवटी अक्षता.

आता गंमत अशी, की मराठी नाटक एकदा जन्मून भागलं नाही. तंजावूरच्या पोथ्या ग्रंथालयात झोपून राहिल्या आणि इकडे सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली नाटक पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. कुठलं? ‘सीतास्वयंवर’. म्हणजे दोन वेळा सुरुवात, आणि दोन्ही वेळा लग्नाने. मग १९१३ला फाळके आले आणि त्यांनी लग्नानंतरची गोष्ट घेतली. ‘राजा हरिश्चंद्र’. नवऱ्याने शब्द दिला म्हणून बायको बाजारात उभी. तीही तारामती झाली अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने, कारण बाई मिळाली नाही. १९३२ला शांतारामबापूंनी बोलका मराठी सिनेमा काढला तो ‘अयोध्येचा राजा’, पुन्हा तीच गोष्ट, फक्त आता दुर्गा खोटे होत्या. आपल्या नाटकाला लग्न लावायचा उत्साह, आणि सिनेमाला ते निस्तरायची घाई. मधला चहा-नाश्त्याचा, गॅसच्या सिलिंडरचा, ‘तुझ्या आईचा फोन आला होता’चा संसार कुणाच्याच वाट्याला आला नाही.

शहाजीराजावर अन्याय नको. लग्नाच्या चौकटीबाहेरची गोष्ट त्याने लिहिली आहे. ‘सतीदानशूर’ नावाच्या नाटकात दुसऱ्याच्या बायकोवर भाळलेला गुरू आहे, त्याला समजावून थकलेला शिष्य आहे, आणि बायको दान करायला निघालेला उदार नवराही आहे. भरपूर हसू आहे त्यात. पण ते नाटक त्याने तेलुगूत लिहिलं. माझे आई-वडील आमच्यासमोर कुणाच्या घटस्फोटाबद्दल बोलायचं झालं की एकदम इंग्रजीत शिरायचे, त्याची मला आठवण झाली.

मांडवात पोचलो तर मुलीकडचे मराठी, मुलाकडचे तमिळ, स्वयंपाकी तेलुगू बोलणारा, लाउडस्पीकरवर मधूनच हिंदी गाणं आणि भटजींचं संस्कृत. शहाजीने ‘पंचभाषाविलास’ नावाचं नाटक लिहिलंय, त्यात कृष्णावर भाळलेल्या राजकन्या ज्या त्या आपापल्या भाषेत बोलतात. मला ते नेहमी राजाची चैन वाटायची. तंजावूरच्या मांडवात दहा मिनिटं उभं राहिल्यावर कळलं, की त्याने फक्त कान देऊन लिहून काढलं असणार. नवरानवरी एकमेकांशी इंग्रजीत बोलत होते. ती सहावी.

मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळचा. स्वागतसमारंभ आदल्या संध्याकाळी, ही तिकडची रीत. म्हणजे लोक आधी अभिनंदन करून, जेवून, पाकीट देऊन मोकळे होतात आणि लग्न नंतर लागतं. ह्यांना ही पद्धत कारभाराच्या दृष्टीने धोक्याची वाटली. ‘‘काम पुरं होण्याआधी बिल चुकतं केल्यासारखं आहे.’’

दुपार मोकळी होती. बृहदीश्वराच्या देवळात राजराज चोळाने १०१० साली पुऱ्या केलेल्या शिखराकडे मान वर करून हे बराच वेळ भार शोधत राहिले. मला मात्र भिंतीवरचा मराठी लेख बघायचा होता. १८०३ साली दुसऱ्या सरफोजीराजांनी भोसल्यांच्या घराण्याचा अख्खा इतिहास या दगडात कोरवून घेतला. ओळींमागून ओळी, भिंतीमागून भिंत. कुणाचा मुलगा कोण, कुणी कुठली मोहीम केली, कुणाच्या मागून कोण गादीवर. हाही कुटुंबपटच म्हणायचा, फक्त निर्माता घरातला. त्यामुळे जे व्हायचं ते झालंय. कोण आला, कोण गेला हे सगळं आहे. जेवताना कोण कुणाशी बोलत नव्हतं, ते नाही. छिन्नीने कुजबूज कोरता येत नाही. आमच्याकडे लग्नाचा अल्बम आहे, त्यातही रुसलेली आत्या कुठल्याच फोटोत नाही.

आणि या घराण्यात न कोरलेलं किती असेल! तंजावूरचं मराठी राज्य ही मुळात दोन संसारांची गोष्ट. नाटककार शहाजीचे आजोबा, थोरले शहाजीराजे; त्यांना जिजाबाईंपासून शिवाजी आणि तुकाबाईंपासून व्यंकोजी. १६७७च्या दक्षिणेच्या स्वारीत दोघे सावत्रभाऊ भेटले, वाटणीवरून बिनसलं, फौजा भिडल्या. पुढे समेट झाला, आणि तो घडवण्यात व्यंकोजींच्या बायकोचा, दीपाबाईंचा हात होता असं सांगतात. तहाच्या कलमांत महाराजांनी बंगळूर आणि आसपासचा मुलूख या भावजयीला दिला. कशासाठी? चोळीबांगडीसाठी. मला नणंदेने एकदा चोळीचा खण दिला होता, तोही अर्ध्या वाराने कमी. असो.

या चोळीबांगडीच्या गावाकडे मी पुन्हा येणार आहे.

देवळाबाहेरच्या दुकानात ह्यांना बाहुल्या दिसल्या. तंजावूरच्या बाहुल्यांचे दोन प्रकार. एक नाचरी : डोकं, धड, घागरा वेगवेगळे, तारेवर अडकवलेले, वारा लागला की प्रत्येक भाग आपापल्या मनाने डोलतो. तमिळमध्ये तिला म्हणतातच ‘तलैयाट्टी बोम्मै’, मान हलवणारी बाहुली. दुसरा प्रकार राजा-राणीच्या जोडीचा. खाली गोल, जड बूड. वरचा भाग हलका, पोकळ. कितीही आडवी पाडा, उठून बसते. हे दुकानासमोर उकिडवे बसले आणि वीस मिनिटं राजाराणीला टपल्या मारत राहिले. ‘‘बघ, सगळा भार खाली. मातीचं बूड. वर नुसता कागदाचा लगदा, मुकुट, दागिने, मिशा. वरचं काहीही केलं तरी पडत नाही.’’ दुकानदाराने विचारलं, कुठली देऊ? मी म्हटलं, मान हलवणारी आमच्याकडे आहे, जोडी द्या. दुकानदार हसला. त्याला मराठी कळतं हे मला उशिरा कळलं.

संध्याकाळी स्टेजवर मोठा पडदा आणि पडद्यावर ‘प्री-वेडिंग फिल्म’. दिग्दर्शक असेल सव्वीस वर्षांचा, काळा टी-शर्ट, दाढी. कावेरीवरच्या कल्लणैवर चित्रण केलेलं. करिकाल चोळाच्या नावाने ओळखला जाणारा तो प्राचीन बंधारा पाहून हे खुर्चीत सरसावले. पण कॅमेरा बंधारा सोडून नवरीच्या उडत्या ओढणीवर स्थिरावला, तेव्हा दुःखाने पुन्हा मागे रेलले. तो धावतो, ती वळते, सगळं संथगतीत, जणू दोघं पाण्याखाली आहेत. मागे मात्र फार सुरेख संगीत. मला ते ओळखीचं वाटलं. ओळखलं आणि श्वास अडकला. इळैयाराजाचं ‘मौन रागम्’मधलं.

‘मौन रागम्’ हा मणिरत्नमचा १९८६चा सिनेमा. वडलांच्या आजारपणामुळे मनाविरुद्ध लग्न केलेली मुलगी नवऱ्याबरोबर दिल्लीला येते. तो भला माणूस. विचारतो, तुला काय भेट आणू? ती म्हणते, घटस्फोट. मग कायद्याप्रमाणे एक वर्ष एकाच घरात राहायचं. अख्खा सिनेमा त्या घरातल्या खिडक्यांतून येणाऱ्या उजेडावर चालतो. पी. सी. श्रीराम यांचा कॅमेरा दोघांच्या मधली जागा दाखवत राहतो, आणि त्या जागेत बसायला शब्द कुणाकडेच नसतात, म्हणून नाव मौन. त्याचं संगीत इथे, दोन हजार लोकांच्या पंगतीच्या आधी! मी इकडेतिकडे पाहिलं. कुणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. सुरावट गोड होती आणि लोक खूश होते. मी मैत्रिणीला सांगणार होते, पण ती विहिणीच्या हातावर गजरा बांधत होती.

सकाळी काशीयात्रा. नवरामुलगा छत्री, काठी, पंचा घेऊन ‘मला संसार नको, मी काशीला निघालो’ म्हणून चालू लागतो आणि मुलीचा बाप त्याला समजावून परत आणतो. दोन मिनिटांचा विधी. पण दाढीवाल्याला ड्रोनमधून तो नीट मिळाला नाही, मग छत्रीवर ऊन आलं, मग मागून भाजीचा टेम्पो गेला. मुलगा तीन वेळा काशीला निघाला. तिसऱ्या खेपेला मुलीचा बाप समजावताना जरा हळूच बोलतोय असं मला वाटलं.

मग मंगळसूत्राचा क्षण. भटजींनी बोट उंचावून वाजवणाऱ्यांना खूण केली आणि ‘गेट्टीमेळम्’ सुरू झालं. नादस्वरम आणि तविल एकदम, अंगात असेल नसेल तेवढ्या जोराने. हे इतकं जोरात का, तर त्या क्षणी कुणी शिंकलं, कुणी अपशकुनी बोललं, तर ते कानावर पडू नये. मला हे फार आवडलं. एवढी प्रामाणिक ध्वनियोजना मी पाहिलेली नाही. लग्नात कुणीतरी काहीतरी बोलणारच, हे धरून चाललेलं आहे. उपाय एकच, मोठ्याने वाजवा.

त्याच गोंगाटात मला ‘कुंकू’ आठवला. प्रभातचा, १९३७चा. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायचं नाकारते. शांता आपटे आणि केशवराव दाते. सिनेमाला संगीत म्हणजे गोडाची शिरापुरी असं मानणाऱ्या काळात शांतारामबापूंनी या चित्रपटातून पार्श्वसंगीत काढूनच टाकलं. त्या घरात जे वाजू शकतं तेवढंच वाजेल. मुख्य म्हणजे घड्याळ. जुनं, भिंतीवरचं. टिक, टिक. म्हातारा मिशीला कलप लावतोय आणि घड्याळ आपलं चाललंय. फुटलेल्या आरशाच्या तुकड्यांत त्याचेच चेहरे त्याच्याकडे बघतात. गेट्टीमेळमने जे झाकायचं असतं, ते ऐकू यावं म्हणून बापूंनी सगळी वाद्यं बाहेर काढली.

फिल्म अर्काइव्हच्या हॉलमध्ये मी तो ह्यांच्याबरोबर पाहिला. हे झोपले नाहीत. बाहेर पडताना म्हणाले, ‘‘माणसं काही बोलत नाहीत. सगळा भार घड्याळाने घेतलाय.’’ आणि घरी आल्यावर दिवाणखान्यातल्या घड्याळाला तेल घातलं.

तेव्हापासून मी सिनेमातल्या संसाराकडे तशीच बघायला लागले. भार कुणी घेतलाय? रायच्या ‘चारुलता’त तो एका दुर्बिणीने घेतलाय, जिच्यातून ती रिकाम्या दुपारी रस्त्यावरची माणसं बघते आणि शेजारून पुस्तक वाचत गेलेल्या नवऱ्यालाही बघते. तो दोन हातांवरून जातो आणि तिला दुर्बीण लागते! ‘लेट स्प्रिंग’च्या शेवटी बाप एकटा घरी येतो आणि सफरचंद सोलायला बसतो. भार त्या सफरचंदाने घेतलाय. नवरा-बायको, बाप-लेक एकमेकांना जे सांगत नाहीत, ते घरातल्या वस्तूंना कळलेलं असतं. बऱ्या दिग्दर्शकाला वस्तूंची भाषा येते. बाकीच्यांना संवादलेखक लागतो.

दुपारी जेवणं झाल्यावर मैत्रिणीची म्हातारी आत्या भेटली. ऐंशीच्या पुढची, नऊवारी नाही, पण डोक्यात मोगरा. मी सिनेमावाली आहे हे कळल्यावर तिने खुर्ची जवळ ओढली. ‘‘बालचंदरचे बघितले काय तुम्ही? आमच्याच जिल्ह्याचा की तो.’’

खरंच. के. बालचंदर १९३० साली नन्निलमजवळ जन्मले. तेव्हा ते गाव तंजावूर जिल्ह्यातच होतं. पदवी प्राणिशास्त्राची. आधी मुत्तुपेट्टैला शिक्षक, मग मद्रासला अकाउंटंट जनरलच्या कचेरीत कारकून, संध्याकाळी नाटकं, मग सिनेमा. प्राणिशास्त्र आणि हिशेबतपासणी, विवाहसंस्थेचा अभ्यास करायला याहून चांगली तयारी सांगता येणार नाही.

आत्याबाईंनी ‘इरु कोडुगळ’ची, म्हणजे ‘दोन रेघां’ची गोष्ट सांगायला घेतली. १९६९चा. कलेक्टर कचेरीतला कारकून जेमिनी गणेशन. नवी कलेक्टर बदलून येते, तर ती त्याची पहिली बायको, सौकार जानकी. घरी दुसरी बायको, जयंती. दिवसा एकीपुढे फाइल धरून उभं राहायचं, रात्री दुसरीला उत्तरं द्यायची. रेघ न खोडता लहान कशी करायची, तर शेजारी मोठी ओढून, ही बिरबलाची युक्ती आपल्याला शाळेपासून माहीत. बालचंदरने ती संसारात आणून ठेवली. ‘‘पण लांब रेघ कोण आणि आखूड कोण?’’ मी विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, ‘‘ते पट्टीवर आहे. पट्टी कुणाच्या हातात?’’ मी गप्प बसले. या गावाने दोन राण्यांच्या लेकरांच्या वाटण्या पाहिल्या आहेत, इथल्या बायकांना रेघांचं कोण काय सांगणार.

मला बालचंदर थोडे जड जातात, हे कबूल करायला हवं. त्यांची प्रतीकं लाजाळू नसतात. ती पुढे येऊन नमस्कार करतात, बसतात, आणि आपण ओळखल्याशिवाय उठत नाहीत. ‘अवर्गळ’मध्ये मनातलं बोलायला कमल हासनच्या हातात चक्क बोलका बाहुला दिलाय. ओझूने सफरचंद ठेवलं असतं तिथे बालचंदर सफरचंदाची गाडी उलटवतात. पण आत्याबाई म्हणाल्या ते माझ्या ध्यानात राहिलं. ‘‘आमच्या घरी सगळे मोठ्यांदा बोलायचे. हळू सिनेमा कोण ऐकणार?’’ खरं आहे. शांत घरातल्या माणसांनी शांत सिनेमे काढावेत. एका मोठ्या पंगतीच्या घरात चौकटी मोडायच्या तर आवाज होणारच.

आणि १९७५चा ‘अपूर्व रागंगळ’. तरुण मुलगा वयाने मोठ्या, भैरवी नावाच्या गायिकेच्या प्रेमात, आणि तिची मुलगी त्याच्याच बापाशी लग्न करायला निघालेली. वेताळपंचविशीची शेवटची गोष्ट, जिचं उत्तर विक्रमालाही देता आलं नव्हतं. नाती इतकी गुंतलेली की मुलांनी कुणाला काय म्हणायचं तेच ठरेना. हा गुंता एका शहाण्या, गाणाऱ्या घरात हळूहळू सुटत असताना, एके दिवशी फाटक उघडतं. दाढी वाढलेला, चुरगळलेल्या कपड्यांतला एक माणूस भैरवीचं घर विचारत उभा. तो तिचा हरवलेला नवरा. काही भाषण नाही, पाठलाग नाही. दोन हातांनी ढकललेलं फाटक. या एका ढकलण्याने घरातल्या सगळ्यांचे सगळे बेत बदलतात.

तो नट तेव्हा पहिल्यांदाच पडद्यावर येत होता. बंगळूरच्या मराठी घरातला, बसकंडक्टरी केलेला शिवाजीराव गायकवाड. रजनीकांत हे नाव बालचंदरनीच दिलेलं. दीपाबाईंच्या चोळीबांगडीचं गाव तीनशे वर्षांनी असं उपयोगी पडलं. एक शिवाजी वाटणीसाठी तमिळ मुलुखात आले, दुसरा फाटक ढकलायला; मध्ये तंजावूरचा शेवटचा राजा, १८५५ला गेलेला, तोही शिवाजी; आणि तमिळ सिनेमातला चौथा, गणेशन, याला तर शिवाजी महाराजांची भूमिका केली म्हणूनच ते नाव चिकटलं. ह्यांनी हिशेब ऐकून घेतला आणि म्हणाले, ‘‘मग तिकडे सातबारा कुणाच्या नावावर आहे?’’

फाटकावरून मला ‘उंबरठा’ आठवला. १९८२चा, जब्बार पटेलांचा. तिथे स्मिता पाटील घरातून बाहेर जाते, इथे नवरा बाहेरून घरात येतो. तिच्यासाठी उंबरठा, त्याच्यासाठी फाटक. उंबरठा ओलांडायला अख्खा सिनेमा लागतो, फाटक ढकलायला दोन सेकंद. आत्याबाईंना मी हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘‘जाणाऱ्या बाईला सगळे विचारतात, कुठे निघालीस. येणाऱ्या पुरुषाला विचारतात, जेवणार काय.’’ आणि त्या पान लावायला लागल्या.

संध्याकाळी सातच्या सुमाराला मुलगी सासरी गेली. गाडीच्या मागच्या काचेवर फुलं, पुढच्या काचेवर कॅमेरा. दाढीवाला रस्त्यावर उलटा धावत त्यांचं जाणं टिपत होता. मग तोही परत आला आणि त्याच्या मुलांनी दिवे उतरवायला सुरुवात केली.

आमची गाडी रात्री उशिराची होती, म्हणून आम्ही मंडपातच थांबलो. कार्यालयाची माणसं खुर्च्या एकात एक घालून ढीग लावत होती. स्टेजवरच्या शेवंतीच्या माळा कुणीतरी ओढून काढल्या होत्या. एका कोपऱ्यात मुलीचे वडील स्वयंपाक्याशी हिशेब करत होते. केळीच्या पानांचा आकडा जुळत नव्हता आणि दोघंही अतिशय सभ्यपणे आपापल्या आकड्यावर ठाम होते. व्हिडिओवाली मुलं केबल्स कोपर-पंजाभोवती गुंडाळत होती. कॅमेरे पेट्यांत गेलेले.

मैत्रीण स्टेजच्या कडेला पाय खाली सोडून बसली होती. नवीन कांजीवरम, केसांतली फुलं कलंडलेली, चष्मा कपाळावर. समोर तांबूलाच्या उरलेल्या पिशव्या, प्रत्येकीत एक नारळ, पानसुपारी. ती मोजत होती. बँकेत नोटा मोजायची तशीच, ओठ न हलवता, बोटाने. चाळीसच्या आसपास पोचली की थांबायची, एका पिशवीवर हात तसाच राहायचा, मग मान हलवून पुन्हा पहिल्यापासून. पंचवीस वर्षांत तिची कॅश एकदाही चुकलेली मला आठवत नाही.

मी पुढे व्हायला गेले, तर ह्यांनी माझा हात धरून थांबवलं. राजाराणीचा खोका माझ्याकडे दिला. पाटबंधारे खात्याची चप्पल काढून ठेवली आणि गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत, तिच्या शेजारी, खाली जमिनीवर बसले.

‘‘तुम्ही त्या बाजूने मोजा,’’ म्हणाले, ‘‘मी ह्या बाजूने येतो.’’